‘शेजारी’ आणि ‘पडोसी’

दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत जुन्या चित्रपटाच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते : नाव, साल आणि दोन कलावंत. नागपुरातील एका दैनिकात अशाच एका ओळीत ‘शेजारी’पुढे मजहर खान यांचे नाव वाचले होते. प्रत्यक्षात पडद्यावर आले ते केशवराव दाते. मजहर खान ‘पडोसी’त होते.

ही गल्लत समजण्याजोगी आहे. बोलपटांच्या आरंभकाळात ‘प्रभात’ अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चित्रित करीत असे. कथा एक, नेपथ्य एक. मात्र प्रसंग दोनदा चित्रित होई. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’च्या दोन्ही आवृत्त्यांत गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे होत्या. १९३७चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, तेव्हाही शांता आपटे आणि केशवराव दाते कायम राहिले. तेथे नावांची अदलाबदल झाली तरी फारसे बिघडत नाही.

१९४१च्या ‘शेजारी’चे तसे नाही. जीवबा आणि मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांत, गावात होऊ घातलेल्या धरणाच्या निमित्ताने फूट पाडली जाते, अशी ही कथा. दोन्ही आवृत्त्यांत मिर्झा साकारला तो गजानन जागीरदारांनी. मराठीत जीवबा झाले दाते. हिंदीत मात्र शांतारामबापूंनी त्या हिंदू शेजाऱ्याच्या, ठाकूरच्या, भूमिकेसाठी मजहर खान यांना घेतले. हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. मुस्लिम लीगच्या लाहोर ठरावाला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. अशा वेळी ही पात्रयोजना हेच चित्रपटाचे म्हणणे होते, आणि ते ‘पडोसी’तच पूर्णत्वाने उमटते.

१९५६पर्यंत द्विभाषिक प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरच्या रसिकाला दोन्ही भाषा आपल्याच वाटतात. म्हणूनच कदाचित एक आवृत्ती पाहिली की दुसरी पाहिल्यासारखेच आहे, असे तो सहज धरून चालतो. कार्यक्रमपत्रिकेतील चूक या समजाला खतपाणी घालते. ‘पडोसी’ला ‘शेजारी’चा निव्वळ अनुवाद मानले, की एका दिग्दर्शकाने त्या विखारी काळात जाणीवपूर्वक केलेली निवड आपल्या नजरेतून निसटते.

म्हणून त्या एका ओळीत भाषा आणि कलावंत अचूक हवेत. कित्येक प्रेक्षकांना त्या चित्रपटाचा इतिहास म्हणून तेवढी ओळच भेटते.