धुरावलेला बोय आणि एक मत

परवा शनिवारी घरात इतका धूर झाला की शेजारच्या काकू बेल वाजवून विचारून गेल्या, "काही जळतंय का रे?" म्हटलं, "नाही काकू, मासा धुरावतोय." काकू पक्क्या कोकणातल्या. "ताजा मासा असताना धूर कशाला हवा?" एवढं बोलून त्या परत गेल्या. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर जरा लांबचं आहे, म्हणून हा वीकांत त्यालाच दिला.

२००७ साली प्रोजेक्टच्या कामासाठी सहा महिने फ्लोरिडात, टँपाला होतो. हापिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी पन्नाशीपुढचा, डेटाबेसमधला बाप माणूस. एका सोमवारी त्याने डब्यातून करड्या रंगाचं काहीतरी आणलं आणि खारी बिस्किटं पुढे केली. "फिश डिप. खाऊन बघ." एक घास घेतला आणि दुपारची मीटिंग विसरलो. :) मासा कुठला म्हणून विचारलं तर म्हणाला, मलेट. म्हणजे आपला बोय! मालवण-गोव्याकडे ज्याला शेवटा किंवा शेवटो म्हणतात तो. फ्लोरिडातला आणि आपल्याकडचा बोय शास्त्राच्या दृष्टीने एकच, म्युजिल सेफॅलस.

हा मासा शेवाळ आणि गाळ खाऊन जगतो, त्यामुळे सहसा गळाला लागत नाही. त्याला पकडायचा तर जाळंच हवं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बोय तेलकट. तेलकट मासा चवीला उत्तम, पण फ्लोरिडाच्या उकाड्यात तो टिकायचा कसा? अठराव्या शतकात क्यूबाचे कोळी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हंगामी तळ टाकायचे. बोय आणि त्याची गाबोळी खारवून, वाळवून हवानाला पाठवायचे. १८३० च्या दशकात सेमिनोल लोकांशी अमेरिकेचं युद्ध पेटलं आणि हे तळ मोडले. १८५१ साली अपलाचिकोला या बंदरातल्या जॉन गॉरी नावाच्या डॉक्टरला बर्फ बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्याला मासे टिकवायचे नव्हते, तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड करायच्या होत्या. यंत्राला भांडवल मिळालं नाही आणि १८५५ साली तो गेला. पुढे बर्फ आणि रेल्वे दोन्ही आले (सेंट पीटर्सबर्गला रेल्वे १८८८ साली पोचली) आणि ताजा मासा दूरवर जाऊ लागला. पण गरिबाच्या घरी बर्फ कुठला? तिथे मीठ आणि धूर हेच फ्रीज.

यातलं लॉजिक सुंदर आहे. मीठ माशातलं पाणी खेचतं. उष्णतेने मासा शिजतो. धुरातली फिनॉलं तेल खवट होण्याचा वेग कमी करतात. शिवाय तेल धुराचा वास धरून ठेवतं, म्हणूनच तेलकट मासा धुरावायला सगळ्यात चांगला. सेंट पीटर्सबर्गजवळ टेड पीटर्सचं १९५१ पासूनचं प्रसिद्ध दुकान आहे, तिथे लाल ओकच्या लाकडावर मासे धुरावतात. डिप म्हणजे त्याच माशाचा मोकळा केलेला गर, त्यात मेयोनेज किंवा क्रीम चीज. दोन्हींपैकी खरं कुठलं यावर तिकडे तावातावाने भांडणं होतात. आपल्याकडे मिसळीवरून होतात तशीच.

आता जाळ्याकडे येऊ. १८८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातून आलेल्या कोळी कुटुंबांनी टँपाच्या दक्षिणेला कॉर्टेझ हे गाव वसवलं. गावाचा आधार बोय. १९७० नंतर तैवान-जपानकडून गाबोळीला मोठी मागणी आली आणि ऐन अंडी घालायच्या हंगामात गाभोळ्या माद्या भरपूर पकडल्या जाऊ लागल्या. मासा कमी होतोय म्हणून हौशी गळवाल्यांनी मोहीम उघडली आणि प्रश्न थेट मतदानाला गेला. नोव्हेंबर १९९४ मध्ये सुमारे ७२ टक्के मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून गिलनेटवर बंदी घातली, बाकीच्या जाळ्यांना किनाऱ्याजवळ ५०० चौरस फुटांची मर्यादा आली. १ जुलै १९९५ पासून अंमल सुरू. त्याच १९९५ च्या मार्चमध्ये कॉर्टेझची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली होती. गाव 'ऐतिहासिक' झालं आणि तीन-साडेतीन महिन्यांत गावाचा धंदा इतिहासजमा व्हायला लागला.

माझ्या सहकाऱ्याचे वडील जाळेवाले. नुकसानभरपाई म्हणून सरकारने जाळी विकत घेतली, त्यात त्यांचीही गेली. मी सहज विचारलं, "तू तेव्हा काय केलंस?" तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी बंदीच्या बाजूने मत दिलं. मासा संपत होता, मला दिसत होतं. वडिलांना कधीच सांगितलं नाही." वडील नंतर हाताने फेकायचं छोटं जाळं घेऊन घरापुरता बोय आणत आणि दर शनिवारी धुरावत. वडील गेल्यावर ते काम याच्याकडे आलं. तो डबा त्यातलाच.

आकडे बघितले तर तो बरोबर होता, बंदीनंतर बोय पुन्हा वाढला. पण मासा वाचवण्याची किंमत कुणी मोजली हे आकड्यांत दिसत नाही. आपल्याकडेही फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, फरक एवढाच की इथे ती मागणी छोट्या पारंपरिक मच्छीमारांचीच होती. त्यामुळे बंदी चांगली की वाईट यापेक्षा, ती कुणाच्या जाळ्यावर पडते हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

असो. कृती सोपी आहे. बोय (नाहीतर बांगडा) मधून उघडून मिठाच्या पाण्यात तासभर, फ्रीजमध्ये. मग पुसून वरचा भाग चिकटसर होईपर्यंत फ्रीजमध्येच उघडा ठेवा, धूर त्यालाच धरतो. जुन्या लोखंडी कढईत फॉइल, त्यावर मूठभर तांदूळ, चहापत्ती, साखर. वर जाळी, जाळीवर मासा, घट्ट झाकण. खिडक्या उघड्या! वीसेक मिनिटांनी मासा आतपर्यंत शिजून पाकळ्या सुटतात का ते बघा, नसेल तर अजून ठेवा. काटे नीट काढा, गार झाल्यावर मेयोनेज, लिंबू, बारीक कांदा, मिरपूड. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

वाटीभर डिप काकूंना नेऊन दिलं. रात्री वाटी रिकामी परत आली. काकू म्हणाल्या, "बरं झालंय. पण पुढच्या वेळी कोकम घाल."