मडकं, काच आणि सापाची सावली

"दादा, किती वॅटचा बल्ब लावू?" देहूरोडच्या एका कॉलेजच्या मुलाने मला विचारलं. त्याला बॉल पायथन पाळायचा होता. महिना एप्रिलचा, खोली वरच्या मजल्यावरची, डोक्यावर पत्रा. दुपारी त्या खोलीत माणूस बसू शकत नाही. तरी त्याने वाचलेल्या प्रत्येक माहितीत पहिली ओळ एकच होती: सापाला ऊब द्या.

ही ओळ थंड देशांतून आलेली आहे. प्राणिसंग्रहालयातलं जगातलं पहिलं सर्पगृह १८४९ मध्ये लंडनला उघडलं. उष्ण देशांतून आणलेले साप तिथल्या हिवाळ्यात जगवायचे, तर ऊब देण्यावाचून इलाज नव्हता. सापपालनाची विद्या तिथे वाढली आणि तिचा सगळा भर हीटरवर राहिला. आपल्याकडे ती आली तीही तशीच, हीटरसकट.

खरं तर सापाच्या उबेची सगळ्यात भन्नाट गोष्ट भारतातल्या अजगराची आहे. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने १८३२ च्या सुमारास पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं, की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब देते. अकादमीने ते मानलं नाही. साप थंड रक्ताचा, तो कुठून ऊब देणार? पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात अजगराच्या मादीने अंडी घातली. वालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यात तापमापक ठेवला आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त भरलं. मादी ही उष्णता स्नायू आखडून, थरथरून निर्माण करते, हे १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या प्रयोगाने पक्कं झालं. आपल्या रानातला जीव, पण त्याचं मोजमाप व्हायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली आणि तेही परदेशातल्या पिंजऱ्यांत.

हा अपवाद सोडला, तर साप ऊब बाहेरूनच घेतो. मग त्याला किती द्यायची? इथे मला जोन प्रॉक्टर फार महत्त्वाच्या वाटतात. १९२३ पासून त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या क्युरेटर होत्या. त्यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं नवं सर्पगृह १९२७ मध्ये उघडलं. त्यात विजेची ऊब सगळीकडे सारखी न देता वेगवेगळ्या भागांत कमी-जास्त दिली होती. प्रॉक्टर १९३१ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेल्या.

त्यामागचं शास्त्र नीट मांडलं गेलं ते १९४४ मध्ये. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी अमेरिकेतल्या वाळवंटी सरड्यांची आणि सापांची शरीराची तापमानं मोजली. हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून स्वतःचं तापमान बऱ्यापैकी नेमकं राखतात, आणि सावलीला जायची वाट बंद केली, तर वाळवंटातला सापसुद्धा उन्हात काही मिनिटांत मरतो, असं त्यांना दिसलं. वाळवंटातला! उष्ण देशातला साप उष्णता सोसतो, हा समज तिथेच संपायला हवा होता.

काचेची पेटी म्हणजे अशीच बंद वाट. म्हणून पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं गार लागतं. बॉल पायथनला उबदार टोकाला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २५ च्या आसपास पुरतं. दोन्हीकडे लपायला जागा हवी, नाहीतर भित्रा साप तापमानापेक्षा आडोसा निवडतो आणि चुकीच्या टोकाला बसून राहतो. हीटिंग मॅट पेटीच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली लावायची. आत गरम दगड ठेवू नये: पोट भाजेपर्यंत साप त्यावरून हटत नाही, असं पुष्कळदा झालं आहे. बल्ब लावलाच, तर त्याला जाळी हवी. आणि थर्मोस्टॅटशिवाय काहीच सुरू करायचं नाही. चाकण-भोसरीच्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये थर्मोकपलशिवाय कोणी भट्टी चालवत नाही, तोच नियम इथे. सेन्सर मॅटच्या वर पक्का चिकटवायचा. तो सुटून गार टोकाला पडला, तर थर्मोस्टॅटला पेटी थंडच वाटत राहते आणि मॅट तापतच जाते.

पण थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, खोली गार करत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली खोलीच ३८ अंशांवर गेली, की पेटीला गार टोक उरतच नाही. त्या मुलाला मी बल्बाऐवजी खोली बदलायला सांगितली: खालचा मजला, उत्तरेची भिंत, पेटीवर ऊन नाही. हीटर जानेवारीच्या रात्रींसाठी. त्याने तोंड वाकडं केलं.

गारव्याची विद्या आपल्याकडे होती, फक्त तिला कोणी सापपालन म्हटलं नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी पकडलेले नाग मडक्यांत, तोंडाला फडकं बांधून ठेवत. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था विष काढण्यासाठी आणलेले साप मडक्यांतच ठेवत आली आहे. ओलसर मातीतून पाणी उडतं आणि आत गार राहतं, माठाचंच तत्त्व. अर्थात मडक्यात सापाला निवड नसते, म्हणून ते चार दिवसांचं घर. शिराळ्यातल्या नागांचे हाल वेगळेच होते आणि ती प्रथा कोर्टाने रोखली हे योग्यच झालं.

नाग, घोणस, धामण यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते घरी ठेवता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तरीही देहूरोडसारख्या ठिकाणी, लष्करी हद्दीतल्या झाडीला लागून घरं असताना, देशी साप रोज कोणाच्या तरी हातात असतो. पकडलेला साप प्लास्टिकच्या बरणीत घालून बरणी बाइकच्या टाकीवर ठेवतात आणि दुपारच्या उन्हात फोटो काढत बसतात. बंद बरणी उन्हात झपाट्याने तापते. वनविभागाचा १९२६ हा नंबर लावावा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत साप सुती पिशवीत, फरशीवर, सावलीत ठेवावा.