आराखडा कोणाच्या हाती?

केंदूर आणि पाबळ ही शिरूर तालुक्यातील शेजारची गावे. केंदूर वारकऱ्यांना ठाऊक आहे ते कान्हुराज महाराजांमुळे, आणि पाबळ इतिहासवाचकांना ठाऊक आहे ते मस्तानीच्या समाधीमुळे. पाऊस मात्र दोघांनाही सारखाच हुलकावणी देतो. या कोरडवाहू पट्ट्यात चाळीस वर्षांपूर्वी शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. त्याची हकीकत आज श्रोत्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही शिक्षक नव्हे, इंजिनियर तर नव्हेच. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत. म्हणून आमचा प्रश्नही कामगाराचा आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला यंत्रविद्येची ओळख करून द्यायची म्हणजे काय करायचे? हातोडा कसा धरावा हे शिकवायचे, की काय घडवावे आणि कसे, हे ठरवायला शिकवायचे?

नरहरी सोनारांची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. विठ्ठलासाठी कमरेचा करगोटा घडवायचा होता. शिवभक्त नरहरी देवळात जाईनात, म्हणून दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम केले. करगोटा कधी सैल होई, कधी आखूड. अखेर डोळे बांधून का होईना, ते स्वतः माप घ्यायला गेले. भक्तीचा अर्थ कीर्तनकार सांगतातच. आम्हांला त्यात कारागिराचाही एक धडा दिसतो. वस्तू ज्याच्यासाठी आहे त्याच्यापाशी जावे, माप आपल्या हाताने घ्यावे, आणि चुकले तर पुन्हा घडवावे. यंत्रविद्येची सारी सुरुवात यात आहे.

आपल्या गावगाड्यात ही विद्या होती. पाभर घडवणारा सुतार जमीन पाहून, बैल पाहून लाकूड निवडी. आराखडा त्याच्या डोक्यात असे आणि वाकसही त्याच्याच हाती. पण ती विद्या जातीच्या कुंपणात कोंडलेली होती. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार. आणि ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या हाताला घट्टे पडणे कमीपणाचे.

इंग्रजी अमलात हे कुंपण मोडले नाही, त्याला नवे रूप आले. १८५४ साली पुण्यात इंजिनियरिंगचा वर्ग उघडला. आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यातूनच वाढले. त्याचा मूळ हेतू सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम नोकर तयार करणे हा होता. योजना वरच्याने आखावी, खालच्याने ती पार पाडावी, अशी ही रचना होती. पुढे कारखाने आले तेव्हा हीच रचना भिंत घालून पक्की झाली. भिंतीच्या एका बाजूला ड्रॉइंगची कचेरी, दुसऱ्या बाजूला खाता.

या भिंतीची किंमत आम्ही पाहिली आहे. तरुणपणी आम्ही ज्या कारखान्यात होतो तेथे पत्रा कापणारे पॉवर प्रेस होते. पत्रा हाताने सरकवायचा आणि पायाने पॅडल दाबायचे. हात मागे घेण्याआधी पाय पडला, की बोटे गेली. प्रेसवरच्या प्रत्येकाला धोका कोठे आहे हे ठाऊक होते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊच नये, अशी सोय करा, असे आम्ही तोंडी सांगितले. साहेब म्हणाले, "लिहून द्या, ड्रॉइंग द्या." आमच्यापैकी एकालाही ड्रॉइंग काढता येत नव्हते. कामगारांकडून ड्रॉइंग मागावे हा अन्याय होता, पण ते आम्हांला काढता येत नव्हते हेही खरे. शेवटी बाहेरच्या एका पोराकडून ते काढून घेतले आणि बटणे बसली. त्या तीन महिन्यांत आमच्या एका सोबत्याची दोन बोटे गेली होती.

म्हणून शाळेतल्या यंत्रविद्येचा प्रश्न आम्हांला हौसेचा वाटत नाही.

हा प्रश्न या भूमीत जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले. रयतेच्या घामातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी सरकारला सुनावले, आणि प्राथमिक शाळेत लिहिण्या-वाचण्याबरोबर शेतीचेही ज्ञान द्यावे असे सुचविले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा कणा मानला. मुलांनी केलेल्या मालावर शाळेचा खर्च निघावा, हे त्यांचे म्हणणे पुष्कळांना मान्य झाले नाही. आम्हांलाही ते पटत नाही. मुलाच्या कामावर शाळेचे पोट अवलंबून राहिले, की शाळेचा कारखाना व्हायला वेळ लागत नाही. पण हाताने करता करता डोके शिकते, हा त्यातला गाभा खोटा नव्हे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या शाळेत त्या तासाला आम्ही कागदाची फुले करीत असू. मास्तरांनी दाखवायचे, आम्ही तसेच करायचे. का, असे विचारायचे नाही.

अशा वेळी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग पाबळला आले. अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ, अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी जागा सोडून पत्नी मीराताईंसह ते या माळावर राहिले, आणि विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेली, नापास ठरलेली मुले त्यांनी हाताशी धरली. पुढे आसपासच्या शाळांत आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय सुरू झाला, आणि राज्याच्या मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य, असे चार विभाग. आणि मुलगा असो वा मुलगी, चारही सर्वांना.

त्यातली खुबी कामात नव्हती, कामाच्या क्रमात होती. गावाला खरोखर हवे असलेले काम घ्यायचे. शाळेचे मोडके बाक घ्या. आधी मोजायचे, मग कागदावर प्रमाणात काढायचे. लोखंड किती, वेल्डिंगचा खर्च किती, मजुरी किती, याचा हिशेब मांडायचा. मग बनवायचे, वापरून पाहायचे, आणि डुगडुगले तर कारण शोधायचे. हिशेबात मजुरी धरायला शिकणारे मूल उद्या आपल्या घामाची किंमत विसरणार नाही, हे आम्हां युनियनवाल्यांना विशेष वाटते.

आश्रमातले घुमट प्रसिद्ध आहेत. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण बोल्टांनी जोडून ते उभे करतात. त्रिकोणच का, हे कोणत्याही सहावीच्या मुलाला घरी कळेल. चार काड्यांची टोके सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून चौकोन करा; दाबला की तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. काडी मोडेल, पण आकार ढळणार नाही. चौकोनात एक तिरपी काडी घाला, तोही ताठ होतो. हे ज्या मुलाने स्वतः करून पाहिले, ते पुलाकडे आणि विजेच्या मनोऱ्याकडे पुन्हा पूर्वीसारखे पाहणार नाही.

२००२ साली याच पाबळात, अमेरिकेतील एमआयटीच्या साह्याने, फॅब लॅब नावाची संगणकावर चालणारी कार्यशाळा आली. जगातील अशा अगदी पहिल्या कार्यशाळांपैकी ती एक. २००३ मध्ये कलबाग गेले, पण आश्रम चालू राहिला. २०१६ पासून केंद्र सरकार सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडक शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळेकरिता वीस लाखांपर्यंत अनुदान देऊ लागले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी शिकण्यास सांगितले.

हे सारे चांगले आहे, पण आमच्या मनात एक भीती आहे. केंदूरच्या एका बाजूला चाकण आहे, दुसऱ्या बाजूला रांजणगाव. दोन्हीकडच्या कारखान्यांना हात हवेत. गावातल्या मुलाला तेवढे 'कौशल्य' शिकवायचे आणि शहरातल्या मुलाला 'डिझाईन', अशी वाटणी झाली, तर १८५४ ची भिंत पुन्हा उभी राहील. फरक एवढाच, की या वेळी ती शाळेतच उभी राहील.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. पालक म्हणून आपण चौकशी करावी. ते दहा दिवस कधी आहेत? मुले कोणाकडे जाणार आहेत? आणि परत आल्यावर ती केवळ वस्तू घेऊन येतील, की तिचे माप, आराखडा, हिशेब आणि फसलेला पहिला नमुनाही आणतील? तो फसलेला नमुना मुलाला टाकून देऊ देऊ नका. तो का फसला हे त्याच्याकडून ऐकून घ्या.