पिस्तुलाची मूठ आणि नागपूरचे ऋतू

जुन्या पिस्तुलाचे मूळपण तपासताना अभ्यासकाची नजर प्रथम नळीवर आणि कळीवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेवर जाते, कारण नाव, साल आणि कारखान्याचा ठसा लोखंडावर टिकून राहतो. सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांची जी फिरंग तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली, तिची ओळखही पात्यावरील सोनेरी देवनागरी लेखामुळेच निर्विवाद ठरली. पिस्तुलाच्या लाकडी मुठीला असा आधार क्वचितच लाभतो. ती तडकते, बदलली जाते, घासून चकचकीत केली जाते. तरीही हत्यार कोणत्या हातांत आणि कोणत्या हवेत नांदले, हे नळीपेक्षा मूठच अधिक नेमकेपणाने सांगते, आणि नागपूरसारख्या शहरात हा पुरावा जितका समृद्ध आहे तितकाच तो सहज नष्ट होणाराही आहे.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची पलटण यांची गाठ पडली, तेव्हा भोसल्यांच्या बाजूच्या अरबांकडे प्रामुख्याने तोड्याच्या बंदुका होत्या, म्हणजे पेटत्या सुती वातीने दारूला बत्ती देणाऱ्या. कंपनीच्या घोडेस्वारांच्या खोगिराला मात्र चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने उडणारी पिस्तुले लावलेली असत. पुढे १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६३ मध्ये ‘अजब बंगला’ या नावाने लोकांच्या तोंडी बसलेले मध्यवर्ती संग्रहालय उभे राहिले. छावणी, वाडा आणि संग्रहालय या तीन ठिकाणी जुन्या हत्यारांची जपणूक तीन निरनिराळ्या रीतींनी झाली, आणि लाकडावरील खुणा वाचताना ही रीत आधी ओळखावी लागते.

चकमकीच्या पिस्तुलात मूठ हा वेगळा भाग नसतो. नळीखालचा दांडा आणि मूठ मिळून एकच लाकूड असते आणि त्याच्या बुडाला बहुधा पितळी वाटी बसवलेली असते. ॲडम्सचे किंवा कोल्टचे १८५१ चे रिव्हॉल्व्हर आले तेव्हा मूठ सुटी झाली आणि तिच्याबरोबर मूठ बदलण्याची सोयही आली. कंपनीच्या हत्यारांच्या कळीवर साधारण १८०८ पर्यंत हृदयाकृती चिन्ह आणि त्यानंतर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आढळतो, परंतु कळ अस्सल आहे एवढ्यावरून लाकूडही अस्सल ठरत नाही. विलायती हत्यारांचे लाकूड प्रायः अक्रोडाचे असते: तपकिरी, मध्यम वजनाचे आणि वळणदार रेषांचे. त्या जागी जांभळट काळसर, जड शिसम किंवा तेलकट वासाचा सागवान दिसला, तर लाकूड येथे बदलले गेले असावे असे मानण्यास आधार मिळतो, कारण विदर्भाच्या जंगलात ही दोन्ही लाकडे भरपूर होती. अशा पिस्तुलाला नकली म्हणणे अन्यायाचे आहे. छावणीतल्या कारागिराने वापरासाठी केलेली दुरुस्ती हा त्या हत्याराच्या इतिहासाचाच भाग असतो. आजच्या विक्रेत्याने किंमत वाढवण्यासाठी बसवलेली मूठ ही मात्र फसवणूक होय, आणि या दोहोंतील भेद काळजीपूर्वक पाहिल्यास बहुतेक वेळा सापडतो.

लाकूड उभ्या रेषेच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. म्हणून शंभर-दीडशे उन्हाळे सोसलेल्या मुठीची कड धातूच्या कडेपेक्षा किंचित आत गेलेली असते, तर नव्या मुठीची कड धातूशी अगदी समतल किंवा थोडी वर असते. स्क्रूभोवती निळसर काळा डाग असेल तर तो लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या दीर्घ सहवासातून आलेला असतो, आणि वरून लावलेल्या रंगाप्रमाणे तो पृष्ठभागावर थांबत नाही. झीजही जुळावी लागते: तळहाताखालची चौकडीची नक्षी तीक्ष्ण आणि शेजारचे लोखंड गुळगुळीत, असे दिसल्यास संशय घ्यावा. मुठीच्या आतल्या बाजूला पटाशीच्या खुणा उघड्या आणि लाकूड बिनरंगाचे असणे अपेक्षित असते. तेथेही गडद रंग पोचला असेल, तर जुनेपणा बाटलीतून आलेला आहे.

वाड्यांतील हत्यारांची कथा वेगळी आहे. नवरात्रातील खंडेनवमीला शस्त्रे पुसून, तेल लावून, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहून पुजण्याची प्रथा आहे. या भक्तीने लोखंड गंजापासून वाचले, परंतु कळीवरचे तेल वर्षानुवर्षे मुठीत उतरले, विशेषतः जेथे पिस्तूल मूठ खाली ठेवून भिंतीवर टांगलेले होते, आणि कळीमागचे लाकूड काळे व मऊ झाले. म्हणूनच तेल दिलेले हत्यार नळी खाली करून ठेवावे. दुसरीकडे, नक्षीच्या खोबणीत अडकलेली हळद अतिनील प्रकाशात पिवळसर हिरवी चमकते आणि लाखेचा जुना लेप नारिंगी चमकतो, तेव्हा पूजेच्या आणि डागडुजीच्या खुणा वेगवेगळ्या दिसू लागतात. अशी मूठ पॉलिशपेपरने घासणाऱ्याने एका घराच्या पूजेची आठवण पुसलेली असते, आणि ती पुन्हा मिळत नाही.

नागपूरची हवा लाकडाला कठोर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवेतील ओल अत्यंत कमी होते. जूनच्या पावसानंतर तीच हवा दमट होते. त्यात खसाच्या टट्ट्यांचा कूलर लावला, तर त्याच उन्हाळ्यात दिवसा ओल आणि रात्री कोरडेपणा असा रोजचा फेरा सुरू होतो, आणि सावकाश होणाऱ्या ऋतुबदलापेक्षा हा फेरा मुठीला अधिक चिरतो. म्हणून पिस्तूल कूलरच्या झोतात किंवा बाहेरच्या भिंतीवर न ठेवता आतल्या खोलीतील बंद कपाटात ठेवावे आणि सापेक्ष आर्द्रता शक्यतो ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राखावी.

विदर्भात मुबलक पिकणाऱ्या जवसाचे तेल लाकडाला पाजण्याची सवय जुनी आणि स्वाभाविक आहे. विलायती कारागीरही तेच वापरत. संग्रहातील मुठीवर मात्र ते टाळावे, कारण हवेत वाळताना ते काळे पडते, चिकट होऊन धूळ धरते आणि पुढे काढता येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपून, गरज भासल्यास सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अतिशय पातळ थर द्यावा, कारण तो पुढे काढता येतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या किंवा प्राचीन मूल्याच्या हत्यारांसाठी सवलतीची तरतूद आहे, तरी तिचा आधार घेण्यापूर्वी धारकाने जिल्हा प्रशासनाकडे खात्री करून घ्यावी. आणि स्क्रू काढून मूठ उघडण्याचे काम तर कितीही उत्सुकता असली तरी संवर्धकावरच सोपवावे, कारण जुन्या लाकडाची पाती बहुतेकदा त्या एका स्क्रूच्या भोवतीच फुटतात.