तळटीप ७ : ‘देवदास’ आणि अमरावतीची पेटी

७. देवदास : शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या बंगाली कादंबरीवरील बिमल रॉय यांचा हिंदी चित्रपट (१९५५). देवदास दिलीपकुमार, पारो सुचित्रा सेन, चंद्रमुखी वैजयंतीमाला. ‘पेटी’ म्हणजे रिळांची पेटी. चित्रपट-वितरणात वऱ्हाड ‘सी.पी. बेरार’ विभागात येई आणि अमरावती हे त्याचे मोठे केंद्र. हे नाव ज्या प्रांताचे, त्या प्रांताचे नाव १९५० मध्ये बदलले, १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आले. धंद्यात मात्र विभागाचे जुने नाव टिकले. वऱ्हाडातल्या अकोल्याच्या प्रेक्षकाला ‘देवदास’च्या शोकांतिकेचे मूळ दारूत शोधावे लागले नसणार. घराण्याची प्रतिष्ठा आणि ऐनवेळी कच खाणारा प्रियकर, दोन्ही त्याच्या ओळखीचे होते.