सरपणाची मोळी आणि जंगल सत्याग्रह

भाऊ वेगळे निघाले की आपण म्हणतो, त्यांची चूल वेगळी झाली. सगळ्या घरादाराला जेवायला बोलवायचं असेल तर चूलबंद आवतण देतो. घर ओळखायचं ते चुलीवरून, ही आपली जुनी रीत. आणि चूल म्हटली की सरपण आलंच. आज यवतमाळ जिल्ह्यातल्या या सरपणाची गोष्ट सांगायची आहे. विषय वरवर साधा वाटेल. पण याच सरपणावरून इथली रयत आणि सरकार पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोर उभे राहिले आहेत. स्वातंत्र्यलढ्यातल्या एका मोठ्या प्रकरणाची पाळंमुळंही तिथेच आहेत.

यवतमाळ म्हटलं की उन्हाळाच डोळ्यांसमोर येतो. पण पौषातल्या पहाटे पैनगंगेच्या खोऱ्यातल्या किंवा केळापूर, झरी जामणीकडच्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, थंडी काय असते ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. घर ऊबदार ठेवण्याची वेगळी सोय आपल्याकडे कधी नव्हती. एकच विस्तव सगळी कामं करायचा. पहाटे त्यावर आंघोळीचं पाणी तापायचं, मग भाकरी व्हायची. उरलेले निखारे शेगडीत भरून बाळंतिणीच्या खाटेखाली जायचे आणि संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटायची. म्हणजे सरपण हे पोटालाही लागायचं आणि अंगालाही.

लाकडाची पारख या भागात बायकांना जेवढी, तेवढी क्वचितच कुणाला असेल. धावड्याचा निखारा टिकतो. बाभळीचा जाळ कडक. पळस पेटतो, पण धूर फार. आणि साग? साग चुलीत घालायचा नसतो. तो घराच्या मयालीला, दाराच्या चौकटीला. सागाची किंमत सरकारला कळली, धावड्याची चुलीला. पुढचा सगळा इतिहास या दोन किमतींमधला आहे, असं म्हटलं तरी चालेल.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणीच्या नावानं ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळालं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. कापसाखाली जमीन येऊ लागली, गायरानं आणि झुडपी रानं मोडू लागली. दुसरीकडे रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवं होतं. १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं ते या गरजेतून.

वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच राहिल्यामुळे १८७८ चा हिंदुस्थानचा वनकायदा इथे सरळ लागू झाला नाही. वऱ्हाडासाठी १८८६ मध्ये स्वतंत्र वनकायदा आला. त्यानं जंगलाचे तीन वर्ग पाडले. 'अ' वर्ग इमारती लाकडासाठी आणि जळाऊ लाकडासाठी, 'ब' वर्ग गवतासाठी आणि 'क' वर्ग गुरं चरण्यासाठी. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. पण जंगलात जाणारी बाई हे तीन वर्ग मनात धरून जात नव्हती. एकाच फेरीत गाय चरायची, वाटेत मोहाची फुलं वेचली जायची आणि परतताना डोक्यावर मोळी असायची. गावाच्या लेखी हा एकच व्यवहार. कायद्यानं त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला परवाना आणि शुल्क लावलं. आजवर नुसती हाताची मेहनत लागायची, तिथे आता रोख पैसा लागू लागला. पैसा नसेल तर नाक्यावरच्या शिपायाची मर्जी.

हे दुखणं एकट्या वऱ्हाडाचं नव्हतं. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्यानं गरिबांची चराई कशी बंद पाडली याचा संताप आहे. काँग्रेस तेव्हा जन्मायची होती.

आता १९३० कडे येऊ. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला. पण सगळीकडे काही खाऱ्या विहिरी नव्हत्या, आणि पावसाळ्यात मीठ वाळणार कुठे? मग जनतेला रोज टोचणारा दुसरा कायदा कोणता? जंगलाचा.

मूळचे वणीचे आणि यवतमाळला वकिली करणारे माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी, यांच्या नेतृत्वाखाली १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापण्यात आलं. बापूजींना अटक झाली, शिक्षा झाली. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्या तुकडीनं सत्याग्रह केला आणि तेही तुरुंगात गेले. ठिणगी मग महाराष्ट्रभर उडाली. सांगलीकडे बिळाशीला सागाचा सोट उभारून त्यावर झेंडा चढवला गेला. २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले.

पुसदला कापलं गेलं ते गवत. कापलेलं गवत पुन्हा उगवतं, रानाचं काही बिघडत नाही, आणि कायदा मात्र मोडतो. सत्याग्रहासाठी ते चोख होतं. पण त्या पेंढीमागे लोकांना दिसत होती ती गायीची चराई आणि चुलीची मोळी. पुढाऱ्यांची नावं इतिहासात आली, आणि यायलाच हवीत. मात्र जिनं वर्षानुवर्षं कुठलीही घोषणा न देता, पोटासाठी, शिपायाची नजर चुकवून हाच कायदा मोडला, तिचं नाव कुठल्याच वहीत नाही. कुठे असलंच तर दंडाच्या पावतीवर.

स्वराज्य आलं. बापूजी पुढे बिहारचे राज्यपाल झाले. जंगलाचा कायदा मात्र तोच राहिला. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं २६ वं कलम आजही राखीव जंगलात परवानगीशिवाय लाकूड तोडणं, गुरं चारणं आणि विस्तव पेटवणं गुन्हा ठरवतं. वनखात्याची बाजूही ऐकायला हवी. लोकसंख्या वाढली, गावं वाढली. राखलं नसतं तर टिपेश्वरचं रान आणि तिथले वाघ आपल्याला आज दिसले नसते, हे नाकारता येत नाही. पण राखण्याची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न उरतोच. २०१८ मध्ये राळेगाव, पांढरकवडा भागात एका वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका आला आणि २ नोव्हेंबरला तिला गोळी घातली गेली. गुरांमागे, सरपणामागे रानात पाऊल टाकणाऱ्यांनी ते दिवस कसे काढले असतील!

जंगल दूर गेल्यावर या जिल्ह्याच्या चुलीला आधार दिला तो पऱ्हाटीनं. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची, घराशी गंजी रचायची आणि तुराटीच्या जोडीनं वर्षभर जाळायची. ज्या कापसानं रान खाल्लं त्यानंच चुलीची अशी भरपाई केली. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं पीक पोखरलं. पऱ्हाटीला राहिलेल्या वाळक्या बोंडांत ही अळी दडून बसते; म्हणून पऱ्हाटी साठवू नका, तिची विल्हेवाट लावा, असं कृषी खातं सांगू लागलं. सल्ला बरोबरच आहे. पण अंगणातल्या गंजीकडे पाहून घरची बाई विचारणार, मग जाळायचं काय?

गॅस आहे ना, असं कुणी म्हणेल. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर गावोगाव पोचला, आणि धुरानं चुरचुरणाऱ्या डोळ्यांना त्यानं दिलासा दिला, यात शंका नाही. पण हातात रोकड नसली की चहापुरता गॅस पेटतो आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. आणि शेकोटी काही गॅसवर पेटत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात एक जुना शब्द परत आला आहे: निस्तार. गावकऱ्यांचा जंगलातून आपल्या गरजेपुरतं घेण्याचा हक्क. १८८६ मध्ये जे शुल्काच्या पावतीवर गेलं, ते १२० वर्षांनी हक्क म्हणून कायद्याच्या पानावर आलं. पान आणि पोड यांच्यामधलं अंतर अजून बरंच आहे. गावानं दावा करायचा, समितीनं तो तपासायचा, आणि मग त्या रानाची राखणही गावानंच करायची. हक्काबरोबर ही जबाबदारीही आली, हे विसरून चालणार नाही.

दरवर्षी १० जुलैला पुसदच्या सत्याग्रहाची आठवण निघते, लोकनायकांच्या प्रतिमेला हार घातला जातो. तो घालावाच. त्या दिवशी एखादी बाई मोळी घेऊन रस्त्यानं जाताना दिसली, तर क्षणभर थांबून तिला वाट द्यावी. हा सत्याग्रह तिच्यासाठीही होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)