कोऱ्या आकाशाचा प्रश्न

निसर्गदृश्य टिपू पाहणाऱ्या नवख्या छायाचित्रकाराला सर्वप्रथम भेडसावणारी अडचण अशी, की डोंगर आणि झाडी स्पष्ट उमटली तर आकाश पांढरेफटक पडते आणि आकाशातील ढग राखू पाहिले तर डोंगर काळवंडतो. ही अडचण नवखेपणातून उद्भवत नसून तिची मुळे छायाचित्रणाच्या घडणीतच आहेत. डोळा उजेडाकडून सावलीकडे वळताना क्षणोक्षणी स्वतःला जुळवून घेतो. काच, फिल्म किंवा आजचा संवेदक यांना मात्र संपूर्ण दृश्यासाठी प्रकाशाची एकच मात्रा स्वीकारावी लागते. भिंगाच्या छिद्राचा आकार आणि ते उघडे ठेवण्याचा काळ यांवर ठरणाऱ्या या मात्रेला एक्स्पोजर म्हणतात, आणि आकाश व जमीन यांना एकाच एक्स्पोजरमध्ये कसे बसवावे, याच प्रश्नाभोवती निसर्गछायाचित्रणाचा बराचसा इतिहास घडला आहे.

इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीने हा प्रश्न अधिकच तीव्र केला. या पद्धतीत काचेवर कलोडियन या चिकट द्रावाचा थर देऊन ती चांदीच्या क्षाराने प्रकाशसंवेदी केली जाई आणि थर ओला असेपर्यंतच चित्र घेऊन ते धुवावे लागे. हा थर मुख्यतः निळ्या, जांभळ्या व अतिनील किरणांनाच प्रतिसाद देत असल्यामुळे हिरवी झाडी उमटण्याची वाट पाहावी तोवर आकाशाचा भाग निगेटिव्हवर पूर्ण काळा होऊन जाई आणि छापील चित्रात तेथे कोरा कागद उरे. त्या काळातील बहुतेक निसर्गचित्रांतील रिकाम्या आकाशाचे कारण हेच आहे. कागदी निगेटिव्ह वापरणाऱ्यांचीही यातून सुटका नव्हती. ब्रह्मदेश व मद्रास इलाख्यात काम केलेल्या लिनीअस ट्राइप याने तर आपल्या निगेटिव्हवर रंगाने ढग रंगविले. फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास घेतलेल्या सागरदृश्यांपैकी काहींमध्ये याहून मूलगामी मार्ग पत्करला: समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जुळवून त्याने एकच चित्र छापले. याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण डोळ्याला सहज दिसणारे पण काचेला न पेलणारे दृश्य कागदावर आणण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता.

भारतात या कलेचा संघटित अभ्यास मुंबईत लवकर सुरू झाला. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय सभासद होते आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्ग उघडले. १८६३ मध्ये भारतात आलेल्या सॅम्युएल बोर्न याने हिमालयाच्या तीन मोहिमा केल्या आणि १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फूट उंचीवर निगेटिव्ह घेतल्या. चकाकता बर्फ आणि काळोखे देवदार एकाच काचेवर सांभाळताना त्याच्या हाती प्रकाश मोजणारे कोणतेही यंत्र नव्हते. जे काही होते ते सरावातून आलेले अनुमान.

या अनुमानाचे शास्त्र केले ते इंग्लंडच्या रासायनिक उद्योगात काम करणाऱ्या फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड या दोन हौशी छायाचित्रकारांनी, आणि त्यांच्या कामाची योग्यता आजही पुरेशी ओळखली जात नाही. १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी काचेवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर साचलेला काळेपणा यांचा संबंध आलेखाने दाखविला. या वक्ररेषेचा मधला भाग जवळजवळ सरळ असतो, म्हणजे तेथे उजेडातील फरक काळेपणाच्या फरकात प्रमाणशीर उतरतो. दोन्ही टोकांना मात्र ती आडवी होत जाते आणि उजेडातील फरक पुसले जातात. आकाश कोरे का पडते, याचे मोजता येण्याजोगे उत्तर येथे प्रथम मिळाले.

दरम्यान हेर्मान फोगल याने १८७३ मध्ये रंगद्रव्यांच्या साहाय्याने काचेला हिरव्या प्रकाशाची जाणीव दिली होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या. त्यामुळेच अमेरिकेतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला १९२७ मध्ये योसेमिटीतील हाफ डोमचे चित्र घेताना भिंगावर गडद लाल फिल्टर लावून निळे आकाश जवळजवळ काळे करता आले. १९३२ मध्ये वेस्टन कंपनीचा, प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या सेलेनियम घटावर चालणारा मीटर आला. परंतु असा मीटर समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे असे धरून आकडा देतो, म्हणून त्याचे तंतोतंत ऐकल्यास बर्फही करडा उमटतो. अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत दाट काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटांची ० ते १० अशी विभागणी करून, दृश्यातील कोणता भाग कोणत्या छटेवर ठेवायचा याचा निर्णय मीटरकडून काढून छायाचित्रकाराकडे दिला. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे चंद्रोदय टिपताना मीटर सापडेना, तेव्हा चंद्राचे तेज दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे आठवून अ‍ॅडम्सने त्यावरूनच एक्स्पोजर ठरविले.

फिल्मच्या निगेटिव्हसाठी सावल्यांना पुरेल एवढे एक्स्पोजर द्यावे, असा जुना दंडक होता, कारण तिच्या वक्ररेषेचे वरचे टोक हळूहळू आडवे होते आणि उजळ भाग काही प्रमाणात वाचतो. डिजिटल संवेदकावर मात्र क्षमतेपलीकडचा उजेड एका मर्यादेवर एकदम तुटतो आणि तेथील तपशील परत मिळत नाही, उलट सावलीतील तपशील पुष्कळसा नंतर उजळता येतो. म्हणून नवख्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावरील हिस्टोग्राम, म्हणजे छटांच्या वाटपाचा आलेख, उजव्या कडेला आदळू न देता आकाश आधी राखावे. आणि जमीन तरीही फारच काळी राहत असेल तर तिपाईवरून दोन वेगवेगळी एक्स्पोजर घेऊन ती जुळवावीत, म्हणजेच ल ग्रेच्या वाटेने जावे.